जुन्या ट्रकचे इंजिन: नगर जिल्ह्यात सुटे भाग आणि जाणकार कसे शोधावेत

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ट्रक हाती आला की बहुतेकांचे हात आधी केबिनच्या रंगाकडे वळतात. ते काम शेवटी केले तरी चालते. खरी परीक्षा इंजिनाची असते. त्याचे भाग बनणे कधीच थांबलेले असते आणि स्पेअर पार्टच्या दुकानात विचारले तर गल्ल्यावरच्या मुलाने ते नावही ऐकलेले नसते. तरीही असे इंजिन पुन्हा बांधता येते आणि अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपले जुने नगर, या कामाला फार सोयीचा आहे. फक्त शोधायची रीत वेगळी आहे. ट्रकच्या नावाने विचारत फिरणारा रिकाम्या हाताने परततो. इंजिनाचे माप आणि घराणे सांगून विचारणाऱ्याला भाग मिळतात आणि माणसेही मिळतात.

नगरमध्ये हे काम का जमते

पहिला आधार रस्त्यांचा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, सोलापूर आणि कल्याण या सगळ्या दिशांचे रस्ते नगरला येऊन मिळतात, त्यामुळे मालवाहतूक आणि तिच्या मागोमाग येणारे गॅरेज, लेथ, स्प्रिंग-पाट्यांची दुकाने इथे लवकर रुजली.

दुसरा आधार लष्कराचा. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र इथे आहे आणि वाहनांचे संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथेच आहे. या संस्थांचे दरवाजे आपल्यासारख्यांच्या इंजिनासाठी उघडत नाहीत, तशी अपेक्षाही धरू नये. पण तिथे आणि ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती शाखेच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली माणसे भिंगारपासून पारनेरपर्यंत गावोगाव आहेत. शक्तिमान ट्रकचे इंजिन त्यांनी हातांनी खोललेले असते. १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय मात्र कुणालाही पाहता येते. जुने यंत्र उघड्यावर ठेवायचे तर गंज कुठून शिरतो, तोंडे कशी बंद करावी लागतात, हे तिथे डोळे उघडे ठेवून फिरले की कळते.

तिसरा आधार साखर कारखान्यांचा. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात कारखानदारी पसरली. उसाच्या वाहतुकीने कित्येक ट्रक नेहमीच्या आयुष्यापेक्षा जास्त वर्षे जगवले. हमरस्त्यावरून बाद झालेली गाडी गळीत हंगामात शेत ते काटा एवढी फेरी करत राहिली. अशा गाड्यांचे मालक आणि त्यांची इंजिने बांधणारे मिस्त्री अजून भेटतात.

आधी इंजिन ओळखा

आरसी बुकात लिहिले आहे तेच इंजिन गाडीत असेल, असे धरून चालू नका. पेट्रोल महाग पडू लागले तेव्हा डॉज, फार्गो, बेडफर्ड, शेव्हर्लेट अशा कितीतरी गाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने उतरवून त्यांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले गेले. म्हणून ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशने साफ करा, खडू चोळून वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड यांवरचे ओतीव आकडेही टिपा. भाग वेगवेगळ्या इंजिनांतून जमवलेले असतील तर ते इथेच उघडे पडते.

आकडे पुसले गेले असतील तर माप बोलते. टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या टाटा-मर्सिडीज ३१२ चे सहा सिलिंडरचे इंजिन ९० मि.मी. बोअर आणि १२० मि.मी. स्ट्रोकचे, म्हणजे सुमारे ४.६ लिटरचे. पुढचे टाटा ६९२ हे ९२ बाय १२० चे आणि ६९७ हे ९७ बाय १२८ चे. आकड्यातच उत्तर दडलेले आहे: पहिला ६ सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे. ४०७ गाडीतले ४९७ इंजिन त्याच हिशेबाने चार सिलिंडर आणि ९७ बोअरचे. स्ट्रोक मात्र त्याचा १०० चाच आहे, त्यामुळे बोअर जुळला म्हणून पिस्टन जुळेल असे नाही. पिनचा व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंचीही मोजावी लागते.

बोअर मोजताना एकदाच मोजून थांबू नका. वर जिथे रिंग थांबते त्याच्या जरा खाली, मध्ये आणि तळाशी अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी आडवे-उभे असे मोजा. वरच्या बाजूला झीज जास्त असते. वर आणि तळाशी फरक किती आहे त्यावरून नव्या रिंगांवर भागेल, बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागेल की लायनरच बदलावा लागेल, हे ठरते. क्रँकच्या जर्नलचेही तसेच. टाटाची मापे मिलिमीटरमध्ये, तर बेडफर्ड, पर्किन्स, लेलँड आणि डॉजची इंचात. टाटाचा क्रँक ग्राइंड करताना ०.२५, ०.५० अशा पायऱ्यांनी उतरतात. इंचवाल्यांचा दहा थौ, वीस थौ असा. दहा थौ म्हणजे ०.२५४ मि.मी. हा फरक नजरेला दिसत नाही, म्हणूनच शेल बेअरिंगच्या पाठीवरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिनाची भावकी

एकदा इंजिन ओळखले की त्याची भावकी शोधायची. जुन्या इंजिनाचे भाग त्या ट्रकमध्ये क्वचितच सापडतात. त्याच घराण्यातले इंजिन दुसऱ्याच कामाला जुंपलेले असते, तिथे ते सापडतात. माझ्या मते या शोधातले निम्मे यश याच एका गोष्टीवर आहे.

पर्किन्सचे उदाहरण घ्या. पी-६ हे इंजिन साडेतीन इंच बोअर आणि पाच इंच स्ट्रोकचे. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने १९५० च्या दशकापासून पर्किन्सची इंजिने भारतात बनवली. याच मालिकेतली तीन सिलिंडरची पी-३ आणि चार सिलिंडरची पी-४ याच बोअर-स्ट्रोकची आहेत. त्यामुळे पी-६ साठी पिस्टन किंवा रिंगा हव्या असतील तर फक्त ट्रक शोधत बसू नका. जुना ट्रॅक्टर, पाणी उपसणारा पंप, वेल्डिंगचा जनरेटर, यांतल्या पी-३ कडे पाहा आणि पार्ट नंबर ताडून घ्या.

डॉज, फार्गो आणि डिसोटो हे ट्रक कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत. तिघांची नावे वेगळी, पण आतले यंत्र मोठ्या प्रमाणात एकच. फार्गोचा मालक फार्गोचेच भाग मागत राहतो आणि शेजारच्या दुकानात डॉजच्या डब्यात तोच भाग पडलेला असतो. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली जोंगा आणि एक टनाची निसान कॅरियर यांतही निसानचे एकाच जातीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जोंगा हौशी लोकांनी सांभाळल्या आहेत, म्हणून कॅरियरच्या मालकाने त्यांच्याशी ओळख वाढवावी.

अशोक लेलँडच्या जुन्या इंजिनांसाठी तर समुद्राकडे वळावे लागते. मासेमारीच्या ट्रॉलरवर लेलँडची इंजिने वर्षानुवर्षे वापरात आहेत. हर्णै, रत्नागिरीचा मिरकरवाडा आणि मुंबईचा ससून डॉक इथले मिस्त्री ही इंजिने डोळे मिटून खोलतात. मात्र तिथून कनेक्टिंग रॉड, रॉकर, टायमिंगची गिअर असे आतले, तेलात राहिलेले भाग घ्यावेत. पाणी खेळणारे भाग, म्हणजे हेड, वॉटर पंप, मॅनिफोल्ड, खाऱ्या हवेने आणि पाण्याने आतून खाल्लेले असू शकतात. जिल्ह्याच्या आतच पाहायचे तर खडी क्रशर, बोअरवेलच्या गाड्या, विहिरी खणणारे कॉम्प्रेसर आणि जुने जनरेटर संच ही ठिकाणे धुंडाळावीत. क्रशरवरचे इंजिन धुळीत राबलेले असते, त्याचे बोअर-पिस्टन बहुधा कामातून गेलेले असतात, पण बाहेरचे ब्रॅकेट, सम्प, फ्लायव्हील हाउसिंग चांगले निघते.

देशाबाहेरची भावकीही माहीत असावी. टाटा-मर्सिडीजचा सख्खा भाऊ एल-३१२ हा ब्राझीलमध्ये १९५६ पासून बनला, त्यामुळे त्या इंजिनाची पुस्तके पोर्तुगीज भाषेतही सापडतात. आकृत्या आणि मापे समजायला भाषा आड येत नाही. बेडफर्ड आणि पर्किन्ससाठी ब्रिटनमधले जुने ट्रॅक्टर आणि लॉऱ्या जपणारे लोक उपयोगी पडतात.

भंगारात हात घालताना

नगरमधून बाहेर पडणाऱ्या हमरस्त्यांलगत भंगाराच्या वखारी आहेत. तिथे वेळेला किंमत असते. जालन्याच्या पोलाद भट्ट्या फार लांब नाहीत आणि त्यांना भंगार सतत लागते. लोखंड वेगळे, बीड वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे असे होऊन माल लवकर हलतो. बिडाचा ब्लॉक एकदा घणाखाली फुटला की त्याचे काही होत नाही. म्हणून वखारवाल्याला आधीच सांगून ठेवा, शक्य तर भागाचे चित्र आणि माप कागदावर काढून द्या आणि पंधरा-वीस दिवसांनी चक्कर मारत राहा.

भाव दोन प्रकारचा असतो: किलोचा आणि नगाचा. तुम्हाला नेमके काय हवे आहे हे कळले की किलोचा माल नगाच्या भावाने विकला जातो आणि त्यात वखारवाल्याचे काही चुकत नाही, तो त्याचा धंदा आहे. माझा सल्ला असा की एक भाग घासाघीस करून घेण्यापेक्षा अख्खे हाफ इंजिन वजनावर घ्यावे. त्यात बोल्ट, पाइप, क्लिप, डिपस्टिक, टॅपेट कव्हर अशा बारीक गोष्टी येतात. पुढे खरी रखडपट्टी होते ती याच बारीक भागांसाठी.

जिल्ह्याबाहेर जायचे तर पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मीटर, दिवे, डायनामो, हत्यारे सापडतात. जड इंजिनाचा भाग क्वचित. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. लेलँड आणि पर्किन्सच्या कामासाठी चेन्नईचे पुदुपेट, बाकी सगळ्यासाठी दिल्लीचे काश्मिरी गेट आणि मायापुरी. पण इतक्या लांब जाण्याआधी फोनवर पार्ट नंबर सांगून खात्री करावी.

सरकारी गाड्यांच्या बाबतीत एक बदल लक्षात घ्यायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडाव्या लागतात. पूर्वी एसटी आणि सरकारी खात्यांच्या गाड्या लिलावातून गॅरेजवाल्यांच्या हाती येत, तो झरा आता आटला आहे. आधीच बाहेर पडलेल्या मालावरच भिस्त ठेवावी लागेल.

वापरलेला भाग कसा पारखावा

क्रँक दोरीला टांगा आणि हातोडीने हलकेच टोला द्या. धड क्रँक घंटेसारखा वाजतो आणि नाद काही क्षण रेंगाळतो. आवाज बद्द आला तर तडा असण्याची शक्यता धरा आणि ग्राइंडिंगवाल्याकडून चुंबकीय तपासणी करून घ्या.

हेड आणि ब्लॉकसाठी रॉकेल-खडूची जुनी पद्धत अजूनही उत्तम. जागा नीट धुवून कोरडी करा. दोन व्हॉल्व्हच्या मधला भाग, बोल्टच्या भोकांच्या कडा आणि ब्लॉकची बाजू इथे रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, फडक्याने पूर्ण पुसून घ्या आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. रेघ हळूहळू उमटते, म्हणून घाई न करता अर्धा तास थांबा. हेडचा तळ सपाट आहे का, ते सरळ पट्टी आणि फिलर गेजने पाहा, तेही लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांवर.

कनेक्टिंग रॉड घेताना रॉड आणि त्याची टोपी यांवरचे आकडे जुळतात का ते पाहा. आकडे वेगळे असतील तर ती जोडी नव्हे. रॉडचे बोल्ट वापरलेले घेऊ नका, इथे काटकसर अंगाशी येते. जुन्या हेड गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडू नका. ओले करून काढा आणि तोंडाला मास्क लावा.

लेथवाला, पंपवाला आणि मिस्त्री

इंजिन बांधायला तीन वेगळी माणसे लागतात. एकच जण सगळे करतो म्हणाला तर सावध व्हा.

पहिला लेथवाला, म्हणजे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सीटचे काम करणारा. नगरच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आले, कायनेटिकची लूना इथेच बनली, आणि अशा कामांतून टर्नर-फिटरच्या पिढ्या इथे घडल्या. त्यांच्याकडे काम देताना पिस्टन आणि बेअरिंग आधी हातात द्या, मगच बोअर आणि जर्नल कापायला सांगा. माल न बघता माप कापले की पुढे त्या मापाचा माल मिळेलच याची शाश्वती नसते.

दुसरा पंप-नोझलवाला. डिझेल पंपाच्या आतले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह हे दुकानाच्या बाकावर बसून जुळवायचे काम नाही. त्याला टेस्ट बेंच लागतो आणि सहाही लाइनमधून सारखे डिझेल येते का हे मापून पाहावे लागते. काही जुन्या पंपांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो आणि त्यात एक पातळ पडदा असतो. तो फाटला की इंजिनाचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून पंप उतरवलाच आहे तर पडदा बदलूनच घ्या.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा तो मिस्त्री, ज्याने हेच इंजिन तरुणपणी बांधले आहे. त्याला शोधायचे तर गॅरेजमध्ये न जाता जुन्या ट्रान्सपोर्ट मालकांकडे जा, एसटीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना विचारा, साखर कारखान्याच्या वाहन विभागात काम केलेल्यांना विचारा. एक माणूस दुसऱ्याचे नाव सांगतो. अशा मिस्त्रींना आता वाकून नट सोडवणे जमत नाही, म्हणून त्यांना मजूर समजून बोलावू नये. खुर्ची द्या, गाडी पाठवून आणा, हातांनी काम करायला आयटीआयचे दोन तरुण बरोबर ठेवा आणि सल्ल्याचे पैसे मागायच्या आधी द्या. “मामा, टायमिंगची खूण कुठे?” असे विचारले की ते फ्लायव्हीलवरची, वर्षानुवर्षांच्या ग्रीसखाली गेलेली रेघ नखाने दाखवतात. पुस्तकात ती खूण असते, पण ती कोणत्या खिडकीतून आणि कुठे मान वाकवून बघायची, हे पुस्तक सांगत नाही. हे बोलणे फोनवर चित्रित करून ठेवा. मराठीत अशी नोंद फार कमी आहे आणि ही माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

जे कुठेच मिळत नाही

गॅसकेट नमुन्यावरून कापून मिळते. रिंगा मापावर मिळतात. लायनर लेथवर करून घेता येतो. फुटलेला मॅनिफोल्ड किंवा पुली मात्र ओतावी लागते आणि त्यासाठी कोल्हापूरइतकी सोयीची जागा नाही. तिथल्या उद्यमनगरात आणि आसपासच्या फाउंड्र्यांत शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ओतकामाची परंपरा आहे. मोडका भाग जोडून नमुना म्हणून न्या. बीड थंड होताना आक्रसते, म्हणून लाकडी साचा किंचित मोठा धरतात. ते गणित त्यांच्यावर सोडा. तुम्ही फक्त कुठल्या बाजूंना मशिनिंग होणार आहे ते खुणेने दाखवा, म्हणजे तिथे ते जादा माल ठेवतात.

कागदपत्रे

वापरलेले इंजिन किंवा ब्लॉक घेताना बिल घ्या. ज्या गाडीतून ते निघाले तिच्या आरसीची प्रत आणि विक्रेत्याचे ओळखपत्रही घ्या. ब्लॉकवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला दिसला तर तो माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. गाडीत वेगळ्या नंबरचे इंजिन बसवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नगरची गाडी एमएच-१६ मध्ये, श्रीरामपूर विभागाची एमएच-१७ मध्ये.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. ते दुचाकी आणि चारचाकी, व्यापारी वापर नसलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहेत, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. सहा टायरच्या मालट्रकाला हे कसे लागू होते ते काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या. मूळ इंजिन ठेवायचे की दुसरे बसवायचे, हा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असतो.

पहिल्यांदा चालू करताना

इंजिन बांधून झाले की लगेच चावी फिरवू नका. नोझल काढून किंवा डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर थोडे-थोडे फिरवा आणि ऑइलचा काटा उठतो का ते पाहा. काटा उठला आणि रॉकरवर तेल दिसले की मगच डिझेल सोडा. एक जण एअर क्लीनरच्या तोंडाशी जाड लाकडी फळी घेऊन उभा राहिला पाहिजे. इंजिन पळू लागले तर फळीने हवेचे तोंड बंद करता येते, हात किंवा फडके तिथे नेऊ नये. चालू झाल्यावर पाणी, तेल आणि धूर यांवर तिघांनी लक्ष ठेवावे. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाले की हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा, टॅपेट लावा, आणि पहिले ऑइल लवकर बदलून त्याचा तळ पांढऱ्या कापडातून गाळून बघा. कापडावर चमकदार कण दिसले तर सम्प उतरवायचा.